राज्यांच्या खात्यांचे नियम आणि गव्हर्नरचा अंकुश: अडवलेल्या नियमाचा हिशेब कोणी द्यायचा?

तळटीप

अमेरिकेतील नियमनाविषयी आपण मराठीत लिहितो-बोलतो तेव्हा चर्चा बहुधा वॉशिंग्टनभोवतीच फिरते. प्रत्यक्षात केशकर्तनाचा परवाना, शुश्रूषागृहातील परिचारिकांची संख्या, विमा कंपनीने हप्ता वाढवण्याआधी द्यायची सूचना, कारखान्याच्या सांडपाण्याची चाचणी या गोष्टी मोठ्या प्रमाणात राज्यांच्या खात्यांनी केलेल्या नियमांनी ठरतात. विधिमंडळ कायदा करते, त्यात 'अंमलबजावणीसाठी खात्याने नियम करावेत' अशा अर्थाचे एक वाक्य असते, आणि त्या वाक्याच्या आधाराने खाते जे नियम करते त्यांना कायद्याचे बळ मिळते. हे नियम लिहिणारे अधिकारी लोकांनी निवडून दिलेले नसतात. म्हणून त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवायचे हा प्रश्न प्रत्येक राज्यापुढे उभा राहतो, आणि गेल्या चार दशकांत अनेक राज्यांनी त्याचे उत्तर 'गव्हर्नरने', म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या राज्याच्या कार्यकारी प्रमुखाने, असे दिले आहे. मला चर्चा हवी आहे ती त्यापुढच्या प्रश्नावर: गव्हर्नरच्या कार्यालयाने एखादा नियम अडवला, तर त्याचे कारण त्या कार्यालयाने कोणाला, किती दिवसांत आणि कोठे सांगायचे?

संघराज्य पातळीवरची पद्धत अनेकांना ठाऊक असेल. १९८० च्या कायद्याने व्हाइट हाउसच्या अंदाजपत्रक कार्यालयात नियम आणि माहिती तपासणारा एक छोटा विभाग जन्माला आला. फेब्रुवारी १९८१ मध्ये रेगन यांनी १२२९१ क्रमांकाचा आदेश काढून मोठ्या नियमांचा लाभ-खर्च या विभागाकडून तपासून घेणे खात्यांवर बंधनकारक केले, आणि १९९३ मध्ये क्लिंटन यांनी १२८६६ क्रमांकाच्या आदेशाने ती तपासणी कायम ठेवून तिला मुदतीची व नोंदींची शिस्त लावली. राज्यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली कार्यकारी सत्ता जशी एकवटलेली असते तशी ती बहुतेक राज्यांत गव्हर्नरच्या हाताखाली नसते. बहुतेक राज्यांत ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य विधी अधिकारी, थेट निवडून येतो. काही राज्यांत शिक्षण अधीक्षक, विमा आयुक्त किंवा कृषी आयुक्तही लोकांनी निवडलेले असतात. त्यामुळे 'कार्यकारी शाखेची देखरेख' असे म्हटले की कोणी कोणावर, हे आधी विचारावे लागते.

या प्रश्नाचा सर्वांत उघड सामना फ्लोरिडात झाला. तेथील गव्हर्नर रिक स्कॉट यांनी ४ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी, आपल्या पहिल्या आदेशाने अखत्यारीतील खात्यांची नियम करण्याची कामे थांबवली आणि आपल्याच कार्यालयात एक नवा विभाग स्थापन केला. त्या विभागाच्या परवानगीशिवाय कोणत्याही खात्याने नियमाची जाहीर सूचना प्रसिद्ध करू नये, असे त्या आदेशात म्हटले होते. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 'व्हायली विरुद्ध स्कॉट' या निकालात ऑगस्ट २०११ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने सांगितले की गव्हर्नरने अधिकाराची मर्यादा ओलांडली. बहुमताचा विचार साधारण असा होता, की नियम करण्याचा अधिकार विधिमंडळाने खात्याला दिला आहे आणि तो कसा वापरायचा याची कार्यपद्धती कायद्याने घालून दिली आहे. गव्हर्नर खातेप्रमुखाला पदावरून दूर करू शकतो, पण म्हणून ती कार्यपद्धती आपल्या आदेशाने थांबवू शकत नाही. मतभेद नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणे असे, की राज्यघटनेने सर्वोच्च कार्यकारी सत्ता गव्हर्नरला दिली आहे, खातेप्रमुख त्याच्या मर्जीने पदावर असतात, मग त्यांना दिशा देण्याचा अधिकार त्याला नाही असे कसे म्हणता येईल? पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कार्यपद्धतीच्या कायद्यात दुरुस्ती करून गव्हर्नरच्या देखरेखीच्या बाजूने कौल दिला.

माझे मत मी सुरुवातीलाच मांडतो. मी एका राज्यात नियमांच्या मसुद्यांवर काम करतो आणि गव्हर्नरला असा अधिकार असावा असे मला मनापासून वाटते. खात्यातील माणसे आपल्या विषयात इतकी बुडालेली असतात की शेजारच्या खात्याने त्याच व्यावसायिकाकडून तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात मागवली आहे, हे त्यांना दिसत नाही. ते पाहणारे कोणीतरी वर असावे लागते. परंतु जो नियम अडतो तो कोणाच्या शेऱ्यामुळे अडला हे बाहेर कधीच कळत नसेल, तर ती देखरेख नव्हे. हरकती-सूचना मागवून, सुनावणी घेऊन, उत्तरे देऊन तयार झालेला मसुदा एका फाईलमध्ये बंद होतो आणि त्यावर कोणाची सहीसुद्धा नसते. लेखी कारण, ठरलेली मुदत आणि सर्वांना पाहता येईल अशी नोंद या तिन्ही गोष्टी असतील तरच हा अधिकार मला मान्य आहे. इतरांची मते वाचायला आवडतील.

उद्यमी

तळटीप, विषय चांगला मांडला आहे. मी मात्र नियमाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते.

घरी जाऊन रुग्णसेवा देणारी आमची छोटी संस्था आहे. आमच्या राज्यातील परवाना नियमानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाची नोंद कागदावर, शाईच्या सहीने, परवान्यावर नोंदलेल्या पत्त्यावरच ठेवावी लागत असे. प्रशिक्षण संगणकावर, परीक्षा संगणकावर, आणि मग तिची छापील प्रत काढून त्यावर सही घ्यायची. त्यासाठी दिवसभर लोकांच्या घरी काम करणाऱ्या बाईने गाडी काढून कार्यालयात यायचे. तपासनीस आले की ते कपाट उघडून एकेक फाईल काढत आणि सहीची शाई निळी आहे की ती छायाप्रत आहे हे पाहत. रुग्णाला उचलून खुर्चीत कसे बसवायचे हे त्या बाईला येते का, हे मात्र त्या भेटीत कोणी विचारले नाही. आम्ही खात्याला पत्रे लिहिली. खाते म्हणे, नियमच तसा आहे. नियम करणारेही तेच, बोट दाखवणारेही तेच.

मोठ्या रुग्णालय समूहांकडे राजधानीत पूर्णवेळ माणसे असतात, ती विधिमंडळाच्या समितीपर्यंत पोहोचतात. आमच्यासारख्यांना गव्हर्नरच्या कार्यालयातील आढावा हेच एक उघडे दार वाटते. ओहायोमध्ये गव्हर्नर जॉन केसिक यांनी जानेवारी २०११ मध्ये एका आदेशाने जी व्यवस्था सुरू केली तिच्यात खात्याने व्यवसायांवर भार टाकणारा नियम पुढे नेण्याआधी एक विवरण भरून द्यावे लागते: हा नियम कशासाठी, तो कोणाला लागू, त्याचा खर्च किती, मसुदा करताना कोणत्या संबंधितांशी बोललात, आणि दुसरा मार्ग का निवडला नाही. ही व्यवस्था लेफ्टनंट गव्हर्नरच्या, म्हणजे उपगव्हर्नरच्या, देखरेखीखाली चालत आली आहे. हे प्रश्न खात्याला नियम करण्याआधी विचारले जातात यालाच माझ्या लेखी महत्त्व आहे. नियम लागू झाल्यावर आमच्यासारखा माणूस न्यायालयात जाऊ शकत नाही, त्याला तेवढा वेळही नसतो आणि पैसाही.

तेव्हा मुदत हवी, कारण हवे, हे मान्य. पण अडवण्याच्या अधिकारावर इतक्या अटी घालू नयेत की खात्याने पाठवलेला प्रत्येक मसुदा मुकाट्याने पुढे सरकावा.

गिरणाकाठ

उद्यमी यांचा अनुभव खरा आहे आणि असे नियम असू नयेत याबद्दल वाद नाही. तरी मला या दाराची भीती वाटते, कारण ते छोट्यांसाठी जेवढे उघडे असते त्याहून कितीतरी जास्त ते मोठ्यांसाठी उघडे असते. हरकती-सूचनांच्या टप्प्यावर कोणी काय म्हटले याची नोंद राहते. गव्हर्नरच्या कार्यालयात कोण कोणाला भेटले, कोणत्या कंपनीच्या सल्लागाराने कोणता परिच्छेद गाळायला सांगितला, याची नोंद ठेवण्याचे बंधन अनेक राज्यांत स्पष्ट नाही. खात्यातील तज्ज्ञाने दोन वर्षे खपून लिहिलेला पाण्याच्या गुणवत्तेचा निकष एका दूरध्वनीने शिथिल झाला, तर झारीतील शुक्राचार्य कोण होता हे शोधायचे कोणी?

विस्कॉन्सिनचे उदाहरण पाहावे. तेथे २०११ च्या एकविसाव्या अधिनियमाने गव्हर्नरला दोन ठिकाणी नकाराधिकार दिला. नियमाचा विषय आणि आवाका सांगणारे व्याप्ती-निवेदन त्याने लेखी मान्य केल्याशिवाय मसुद्याला हात लावायचा नाही, आणि अंतिम मसुदा त्याने मान्य केल्याशिवाय विधिमंडळाकडे पाठवायचा नाही. हा कायदा स्वतंत्रपणे निवडून आलेल्या शिक्षण अधीक्षकालाही लागू होता. २०१६ मध्ये 'कॉइन विरुद्ध वॉकर' या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अधीक्षकाच्या बाबतीत हे घटनाबाह्य आहे. २०१९ मध्ये 'कोश्की विरुद्ध टेलर' या निकालात त्याच न्यायालयाने आधीचा निकाल उलटवला. मधल्या काळात न्यायालयाची घडण बदलली होती. आणि लक्षात घ्या, ज्या टोनी इव्हर्स यांच्या अधीक्षकपदाच्या काळात हा वाद पेटला, तेच जानेवारी २०१९ पासून गव्हर्नर झाले आणि तो नकाराधिकार त्यांच्याच हाती आला. म्हणून असा अधिकार देताना आज त्या खुर्चीत कोण आहे हे पाहून देऊ नये.

दुसरी गोष्ट कालापव्ययाची. नकार दिला तर निदान त्यावर टीका करता येते. काहीच न करणे हा सर्वांत सोयीचा नकार असतो. ना मान्यता, ना नामंजुरी, फाईल 'विचाराधीन'. सुंठेवाचून खोकला जातो आणि कोणाच्या अंगावर शिंतोडाही उडत नाही. माझ्या मते मुदत संपली की नियम आपोआप पुढे गेला पाहिजे, नाहीतर मुदतीला अर्थ नाही.

तळटीप

दोघांचेही आभार. गिरणाकाठ यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी कॅलिफोर्नियाची पद्धत जरा सविस्तर मांडतो, कारण माझ्या पाहण्यात ती सर्वांत काटेकोर आहे आणि तिचे दोषही तितकेच शिकण्यासारखे आहेत.

तेथे १९७९ च्या कायद्याने प्रशासकीय कायदा कार्यालय स्थापन झाले आणि १९८० पासून ते काम करत आहे. त्याचा संचालक गव्हर्नर नेमतो, म्हणजे ही कार्यकारी देखरेखच आहे. पण या कार्यालयाने नियम कशाच्या आधारे तपासायचा हे कायद्यानेच बांधून दिले आहे. निकष सहा: नियमाची गरज, तो करण्याचा अधिकार, भाषेची स्पष्टता, इतर कायद्यांशी सुसंगती, ज्या कलमाची अंमलबजावणी होत आहे त्याचा निर्देश, आणि द्विरुक्ती नसणे. नियमाचे धोरण शहाणपणाचे आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही; खात्याच्या निर्णयाच्या जागी आपला निर्णय ठेवायचा नाही, असे बंधन त्याच्यावर आहे.

फाईल हातात घेतली तर ती अशी दिसते. वर एक ठरलेला दर्शनी नमुना, त्यावर खात्याच्या अधिकृत माणसाची सही. खाली नियमाचा मजकूर, ज्यात नव्याने घातलेले शब्द अधोरेखित आणि काढलेले शब्द मधोमध रेघ मारून खोडलेले. त्यामागे नियम का करत आहोत याचे प्रारंभिक निवेदन, आर्थिक परिणामाचा नमुना, किमान ४५ दिवसांच्या मुदतीत आलेल्या सगळ्या हरकती, आणि अंतिम निवेदन, ज्यात प्रत्येक हरकतीला उत्तर दिलेले असावे लागते: मजकूर बदलला असेल तर कसा, बदलला नसेल तर का नाही. एखादी हरकत अनुत्तरित राहिली तर तेवढ्यावरून फाईल परत येऊ शकते. कार्यालयाला ३० कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नामंजुरी दिली तर तिची कारणे लेखी द्यावी लागतात, ती कोणालाही वाचता येतात, आणि खात्याला १२० दिवसांत सुधारलेला मसुदा पुन्हा आणता येतो. खात्याला नामंजुरी मान्य नसेल तर ते थेट गव्हर्नरकडे दाद मागू शकते आणि गव्हर्नर आपल्याच नेमणुकीच्या कार्यालयाचा निर्णय फिरवू शकतो. म्हणजे शेवटी राजकीय जबाबदारी गव्हर्नरचीच; पण तोपर्यंतचा प्रत्येक टप्पा कागदावर उमटलेला.

उद्यमी यांच्या कामाची आणखी एक तरतूद तेथे आहे. पुष्कळदा खाते नियम करतच नाही. मार्गदर्शक पुस्तिका, परिपत्रक किंवा तपासनिसांसाठीची सूचनावली काढते आणि तीच नियमासारखी लागू करते. अशा मजकुराला तेथे 'भूमिगत नियम' म्हणतात. कोणीही नागरिक त्याविरुद्ध या कार्यालयाकडे अर्ज करू शकतो. रीतसर केलेल्या नियमांपेक्षा हे चोरवाटेचे नियम धंद्याला जास्त छळतात, असे माझे मत आहे, आणि गव्हर्नरांच्या आदेशांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

दोष कोणता, तर वेळ आणि खर्च. ज्या नियमाचा आर्थिक परिणाम बारा महिन्यांत ५ कोटी डॉलरपेक्षा जास्त असेल त्यासाठी वेगळे आणि मोठे आर्थिक मूल्यमापन करावे लागते व ते वित्त विभागाकडे पाठवावे लागते. हे सगळे करायला मनुष्यबळ लागते. छोटी मंडळे त्या भीतीने जुने, अडचणीचे नियमही बदलायला धजत नाहीत. शाईच्या सहीचा नियम वर्षानुवर्षे टिकतो तो बहुधा असाच.

सहस्रधारा

आतापर्यंतच्या चर्चेत खाते म्हणजे सरकारी अधिकारी असे गृहीत धरले गेले आहे. राज्यांतील व्यवसाय नियमनाचा मोठा भाग मात्र परवाना मंडळांच्या हाती असतो, आणि त्या मंडळांवर त्याच व्यवसायातील माणसे बसलेली असतात. येथे देखरेख न करणे हाच धोका ठरतो.

नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक परीक्षक मंडळाचे प्रकरण या बाबतीत मुळापासून समजून घेण्यासारखे आहे. आठ सदस्यांच्या मंडळात सहा जण व्यवसाय करणारे दंतवैद्य, आणि त्यांना निवडून देणारेही दंतवैद्यच. सातवी जागा दंत-आरोग्य सहायकांच्या प्रतिनिधीची. गव्हर्नरने नेमलेला ग्राहक प्रतिनिधी फक्त एक. दात पांढरे करून देणारी छोटी दुकाने निघाली, त्यांचे दर दंतवैद्यांपेक्षा कमी होते, दंतवैद्यांनी मंडळाकडे तक्रारी केल्या, आणि मंडळाने २००६ पासून अशा दुकानदारांना काम थांबवण्याची किमान ४७ अधिकृत पत्रे धाडली. परवान्याविना दंतवैद्यक करणे हा गुन्हा आहे, असा इशाराही अनेक पत्रांत होता. मंडळाने या विषयावर कोणताही नियम केला नव्हता. केला असता तर तो राज्याच्या नियम पुनरावलोकन आयोगापुढे गेला असता. पत्राला मात्र कोणाची संमती लागत नव्हती. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की ज्या मंडळावर बाजारात स्वतः उतरलेल्या व्यावसायिकांचे नियंत्रण आहे, त्याला राज्य म्हणून स्पर्धाविषयक कायद्यापासून संरक्षण हवे असेल तर त्यावर राज्याची सक्रिय देखरेख असली पाहिजे. सक्रिय म्हणजे काय हेही न्यायालयाने सांगितले. देखरेख करणाऱ्याने निर्णयाची केवळ कार्यपद्धती न पाहता त्यातील आशय तपासायला हवा. निर्णय रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार त्याला हवा. तो अधिकार नुसता कागदावर असून भागणार नाही, तो वापरला गेला पाहिजे. आणि तो स्वतः त्या बाजारातील खेळाडू नसावा. या निकालानंतर राज्यांना हालचाल करावी लागली. मिसिसिपीने २०१७ मध्ये गव्हर्नर, ॲटर्नी जनरल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका व नोंदी पाहणारा पदाधिकारी) या तिघांचा आयोग स्थापन करून व्यावसायिक मंडळांचे नियम त्याच्यापुढे आणण्याची सोय केली. तिघेही लोकांनी वेगवेगळे निवडलेले असतात, ही त्या रचनेची मला आवडलेली बाजू.

तेव्हा गिरणाकाठ, मुदत संपली की नियम आपोआप पुढे जावा हा तुमचा आग्रह खात्यांच्या बाबतीत मला पटतो. व्यावसायिक मंडळांच्या बाबतीत तो उलटा असावा. मौन म्हणजे संमती मानली तर आशय तपासला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

गिरणाकाठ

सहस्रधारा, हा भेद रास्त आहे. मंडळाच्या निर्णयाला कोणीतरी वाचून, स्वतःच्या नावाने होकार दिला पाहिजे हे मान्य. खात्यांबाबत माझे म्हणणे कायम ठेवतो.

माध्यान्ह

मला या चर्चेत एका वेगळ्या प्रवाहाकडे लक्ष वेधायचे आहे. अलीकडे गव्हर्नर एकेका नियमाची तपासणी करण्याऐवजी एकूण नियमांची मोजदाद करू लागले आहेत. व्हर्जिनियात ग्लेन यंगकिन यांनी २०२२ मध्ये नियमन व्यवस्थापन कार्यालय स्थापन केले आणि नियमांतील बंधने २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट खात्यांपुढे ठेवले. ओहायोत तर २०२२ च्या कायद्यानेच खात्यांना जून २०२५ पर्यंत ३० टक्के कपात करायला सांगितले. तेथे 'करावे', 'करू नये', 'आवश्यक आहे' अशा अर्थाचे शब्द नियमांत किती वेळा येतात यावरून बंधनांची संख्या ठरते.

आयडाहोची कथा सर्वांत वेगळी. तेथे प्रशासकीय नियम दरवर्षी विधिमंडळाने पुढे चालू ठेवावे लागत. एप्रिल २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांचे एकमत न होता अधिवेशन संपले आणि सुमारे ८,२०० पानांची सगळी नियमावली १ जुलैला आपोआप संपुष्टात येणार हे उघड झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गव्हर्नर ब्रॅड लिटल यांनी एक नवा नियम करायचा तर दोन जुने काढावेत असा आदेश काढलेला होता. आता कोणता नियम तात्पुरत्या स्वरूपात पुन्हा लागू करायचा आणि कोणता मरू द्यायचा हे ठरवणे एकाएकी गव्हर्नरच्या हाती आले. वर्षअखेरीस त्यांच्या कार्यालयाने ७५ टक्के नियम काढले किंवा सोपे केले असे जाहीर केले, आणि २०२० मध्ये प्रत्येक खात्याने ठरलेल्या कालावधीने आपली नियमावली कोऱ्या पानापासून पुन्हा लिहावी असा आदेश निघाला.

कालबाह्य नियम गेले हे उत्तम झाले. उद्यमी यांची कपाटे त्यात रिकामी होतात. पण मोजणीला एक मोठी मर्यादा आहे. ऑक्सिजनच्या टाकीजवळ ज्वालाग्राही वस्तू ठेवू नये हेही एक बंधन, आणि अर्ज दोन प्रतींत द्यावा हेही एक बंधन. मोजणीत दोन्ही सारखीच. टक्केवारी गाठायची म्हटली की खाते साहजिकच जे सहज निघते ते काढते. तीन वाक्ये जोडून एक केले तरी आकडा खाली येतो आणि व्यावसायिकाचे काम तसूभरही कमी होत नाही. गव्हर्नरने खात्याला आकडा देण्यापेक्षा एक प्रश्न द्यावा असे मला वाटते: या नियमामुळे गेल्या पाच वर्षांत कोणते नुकसान टळले ते दाखवा. ॲरिझोनात खात्यांना आपल्या नियमांचा पाच वर्षांनी आढावा घेऊन त्याचा अहवाल गव्हर्नरच्या नियमन पुनरावलोकन परिषदेपुढे ठेवावा लागतो. ती पद्धत रटाळ आहे, वर्तमानपत्रात तिचा मथळा होत नाही, पण तिच्यात एकेका नियमाला नाव घेऊन उत्तर द्यावे लागते.

उद्यमी

माध्यान्ह यांनी कपाटाचा उल्लेख केला म्हणून विचारते. आमच्यासारख्यांना प्रत्यक्षात करता येण्यासारखे काय आहे? समजा, मला हवा असलेला सुधारित मसुदा तयार झाला, हरकतींची मुदत संपली, आणि त्यानंतर तो कोठे अडकला हे मला समजून घ्यायचे आहे. कोठे पाहायचे?

तळटीप

हे राज्यागणिक बदलते, तरी काही ठिकाणची व्यवस्था सांगतो.

व्हर्जिनियाचे 'रेग्युलेटरी टाउन हॉल' हे संकेतस्थळ मला या बाबतीत आदर्श वाटते. नियमाचे नाव शोधले की त्याचा सगळा प्रवास एका पानावर येतो: प्राथमिक सूचना, प्रस्तावित मसुदा, अंतिम मसुदा. प्रत्येक टप्प्याखाली कोणी तपासले याच्या ओळी असतात. ॲटर्नी जनरलचे कार्यालय, नियोजन व अंदाजपत्रक विभाग, संबंधित सेक्रेटरी, गव्हर्नर. ज्याच्याकडे फाईल आहे त्याच्या ओळीत ती किती दिवसांपासून तेथे आहे ते दिसते. दंड नाही, न्यायालय नाही, नुसता दिवसांचा आकडा. पण तो आकडा वार्ताहराला दिसतो, विरोधी पक्षाच्या आमदाराला दिसतो आणि खात्यालाही दिसतो. गिरणाकाठ यांना हवी असलेली 'मुदत संपली की पुढे' ही तरतूद करायला कायदा बदलावा लागेल. हा आकडा दाखवायला फारसे काही लागत नाही. म्हणून सुरुवात येथून करावी असे मी म्हणेन.

पेन्सिल्वेनियात १९८२ च्या कायद्याने स्वतंत्र नियमन पुनरावलोकन आयोग आहे. पाच सदस्यांपैकी चार विधिमंडळातील नेते नेमतात आणि एक गव्हर्नर. त्याच्या बैठका जाहीर असतात आणि छोट्या व्यवसायांवरील परिणाम हा त्याच्या निकषांपैकी एक आहे, तेव्हा तेथे तुम्ही स्वतः जाऊन बोलू शकता. आयोवात गव्हर्नर नियम लागू झाल्यापासून ७० दिवसांत आदेश काढून तो रद्द करू शकतो; आदेश काढावाच लागतो, म्हणून तो कोणी काढला हे लपत नाही. टेक्सासमध्ये २०२५ च्या कायद्याने गव्हर्नरच्या कार्यालयात नियमन कार्यक्षमता कार्यालय आले आहे. त्याचे काम आता कोठे आकार घेत आहे, त्यामुळे त्यावर मत देण्याची घाई मी करणार नाही.

गिरणाकाठ यांनी विस्कॉन्सिनचा उल्लेख केला होता, त्यात एक भर घालतो. तेथील विधिमंडळाच्या संयुक्त समितीला नियम रोखून धरण्याचे जे अधिकार होते ते जुलै २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. समितीची ती अडवणूक गेली, पण गव्हर्नरची दोन्ही ठिकाणची मान्यता कायम आहे. म्हणजे तेथे गव्हर्नरच्या सहीचे वजन पूर्वीपेक्षा वाढले, आणि ती सही किती दिवसांत व्हावी किंवा नकाराचे कारण कोठे नोंदवावे, हा प्रश्न आता तेथील विधिमंडळाने हाती घ्यायला हवा.

तुमच्या राज्यात असे संकेतस्थळ नसेल, तर खात्याच्या नियम-समन्वयकाला एक छोटे पत्र लिहा आणि त्यात दोनच गोष्टी विचारा: मसुदा गव्हर्नरच्या कार्यालयात कोणत्या तारखेला पाठवला, आणि त्यावर काही लेखी शेरा आला आहे का. शेरा देण्यास ते अंतर्गत विचारविनिमयाचे कारण सांगून कदाचित नकार देतील. तारीख मात्र राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागता येते. ती हाती आली की तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराच्या कार्यालयात तेवढीच घेऊन जा. 'नियम त्रासदायक आहे' या तक्रारीपेक्षा 'सुधारित मसुदा अमुक तारखेपासून तेथे पडून आहे' या वाक्यावर तिथला कर्मचारी लगेच फोन उचलतो, हे मी माझ्या कामात अनेकदा पाहिले आहे.